जनरलसाहेबांच्या आईवर चिखलाचा बूट

माझ्या पायाखाली जनरलसाहेबांचा डावा कान होता.

आधी कळलंच नाही. हॉलमध्ये शिरले, चार पावलं गेले, काहीतरी गुळगुळीत लागलं, खाली पाहिलं तर हा एवढा, माझ्या टाचेपेक्षा मोठा कान. कानाला गाल, गालाला चेहरा, चेहऱ्याला गणवेश. मी जी उडी मारली ती खिडकीपाशी जाऊन थांबली. मी नागपूरची. पुस्तकाला पाय लागला तर कपाळाला हात लावणारी. इथे तर जिवंत माणूस पायाखाली!

बॉनच्या आमच्या छोट्या इन्स्टिट्यूटमध्ये मी पाली आणि थाई कागदपत्रांचं काम बघते. त्या वर्षी एका निवृत्त थाई जनरलच्या आयुष्यावर प्रदर्शन होतं. आयुष्यही कसलं, चार माणसांना पुरून उरेल असं. तरुणपणी कॅप्टन असताना सरकार उलथवणाऱ्या तुकडीत. मग राजदूत म्हणून बॉनला, जेव्हा बॉन राजधानी होतं तेव्हा. मग निवडणूक लढवून मंत्री. आणि शेवटी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या अधिकाऱ्यांनी रणगाडे आणून त्यांचं सरकार उलथवलं आणि साहेबांना घरातच डांबलं. आता वय झालेलं. आपले सगळे खाजगी कागद ते आमच्या इन्स्टिट्यूटला द्यायचं म्हणत होते.

ते ठरवायला मीच बँकॉकला गेले होते. निघताना त्यांनी एक फोटो दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला. कॅप्टनसाहेबांचं मुंडण चाललंय आणि त्यांची आई कमळाचं पान धरून कापलेले केस झेलतेय. थायलंडमध्ये मुलगे थोडे दिवस तरी भिक्खू होतात. त्याचं पुण्य आईला लागतं असं मानतात. तो त्या दिवसाचा फोटो.

"मॅडम, एवढा नीट ठेवा," ते म्हणाले.

"शब्द देते," मी म्हणाले.

बॉनला येऊन मी फोटो तिजोरीत ठेवला, त्याचं स्कॅन डिझायनरला दिलं आणि भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेले. परत आले तर हे! जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकट फिल्म आणि तिच्यावर जनरलसाहेब: कॅप्टन, भिक्खू, राजदूत, मंत्री. दाराजवळ जन्म, खिडकीजवळ म्हातारपण. आणि मधोमध, भिक्खूच्या त्याच मुंडणाच्या फोटोत, कमळाचं पान धरलेल्या आईच्या कपाळावर कुणाच्या तरी बुटाचा चिखल.

डिझायनर हेर ब्रिंकमान तिथेच कॉफी पीत उभे होते. मंत्र्याच्या पोटावर.

"कसं वाटलं? चालता येण्याजोगं चरित्र! माणूस आयुष्यातून चालत जातो."

"माणूस आयुष्यावरून चालत जातोय, हेर ब्रिंकमान!"

माझा आवाज ऱ्हाइनच्या पलीकडे गेला असणार. एक मालवाहू बोट थबकली, असं मी अजूनही सांगते. आमच्या डायरेक्टर, फ्राउ डॉक्टर केलर, धावत आल्या.

"फ्राउ गजभिये, शांत व्हा. प्रश्न काय आहे?"

"उद्या उद्घाटनाला पाहुणे त्यांच्या आईच्या तोंडावर उभे राहून वाइन पिणार. हा प्रश्न आहे."

"हे बघा, ही फक्त फिल्म आहे."

"मग नोट फक्त कागद आहे. द्या तुमची, पाय ठेवते."

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी मुद्दा काढला, आणि खरं सांगायचं तर चांगला काढला. जर्मनीत फुटपाथवर छोटे पितळी दगड बसवतात, नाझींनी मारलेल्या माणसांच्या नावांचे, ज्या घरात ती राहायची त्याच्यासमोर. "वाचायला माणूस वाकतो, फ्राउ गजभिये. म्हणजे नमस्कारच की."

"आणि म्युनिकच्या फुटपाथवर ते का नाहीत? तिथल्या काही ज्यू लोकांनीच सांगितलं, आमच्या माणसांची नावं पायाखाली नकोत. शहरानं ऐकलं. आपण जनरलसाहेबांना विचारलं?"

"संकल्पना मंजूर झाली आहे," बाई म्हणाल्या. या देशात या वाक्यापुढे ऱ्हाइनसुद्धा मागे वाहायला लागते.

संध्याकाळी घरी नवऱ्यापुढे सगळं ओकले. मिलिंद टेलिकॉममध्ये आहे, भावना त्याला सिग्नल आल्यावरच कळतात. म्हणाला, "अगं, त्यांना जे पवित्र वाटतं त्याच्यावर पाय ठेवायला सांग की."

वा रे पठ्ठ्या!

जर्मन प्राध्यापकाला ज्याच्या हाताखाली पीएचडी केली तो गुरू 'डॉक्टरफाटर' असतो. शब्दशः डॉक्टर-बाप. फ्राउ डॉक्टरच्या डॉक्टरबापाचा मोठ्ठा फोटो आमच्या कॉरिडॉरमध्ये आहे. मिशा अशा की त्यांवर कपडे वाळत घालावेत. सकाळी मी त्याची झेरॉक्स काढली आणि बाईंच्या केबिनच्या दारात, पायपुसण्याच्या जागी, चिकटवली.

बाई आल्या. खाली बघितलं. एक पाय हवेत तसाच राहिला, करकोच्यासारखा.

"हे काय आहे?!"

"चालता येण्याजोगं चरित्र."

मग पाय हळूच मागे गेला.

"गेनाऊ," बाई पुटपुटल्या. म्हणजे, अगदी बरोबर.

पण फिल्म निघेना. लाकडी फरशी जुनी, संरक्षित. ओरबाडली तर सरकारी खातं बोकांडी. मी म्हणत होते सगळं काढा, ब्रिंकमान म्हणत होते काहीच निघणार नाही. शेवटी बाईंनी शेजारच्या कार्निव्हल मंडळाकडून मिरवणुकीचा लाल-पांढरा दोर आणून चरित्राभोवती बांधला. पाहुणे भिंतीला पाठ लावून कडेनं सरकू लागले. जणू खाली दरी आहे.

आणि जनरलसाहेब आले. काठी टेकत, करड्या सुटात. दोरापाशी थांबले. सगळं बघितलं. शब्द दिला होता मी.

"हा दोर कशाला?" त्यांनी त्यांच्या जुन्या, ठेवणीतल्या जर्मनमध्ये विचारलं.

मी हात जोडले. "साहेब, चूक झाली. तुमच्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून."

ते खाली बघत राहिले. मग काठीनं आईचं चित्र दाखवलं. "हे काढा. ही आणि माझं भिक्खूपण, दोन्ही वर हवं."

"आणि बाकीचं, साहेब?"

"कॅप्टन? राहू दे. याने रात्रीत लोकांच्या दारात रणगाडे नेले. याच्यावर लोकांनी चालायला हरकत नाही."

"राजदूत?"

"त्याने इथे बॉनमध्ये त्या रणगाड्यांची गोड भाषेत सारवासारव केली. राहू दे."

"मंत्री?" ब्रिंकमाननी घाबरत विचारलं.

"त्याला सवय आहे."

कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. ब्रिंकमान गुडघ्यांवर बसले आणि हेअर ड्रायरनं ऊब देत एवढंच चित्र सोलून काढलं. निघालं की हो! एवढा तुकडा निघेल का, हे आम्ही भांडणाऱ्यांपैकी कुणी तपासलंच नव्हतं. अस्सल फोटो मी तिजोरीतून आणला आणि साहेबांनी स्वतः दाखवलेल्या खिळ्यावर, सगळ्यांच्या डोक्यावर, टांगला. त्यांनी आईकडे बघून हात जोडले.

मग दोर सोडायला लावला, बुटांसकट आत गेले आणि त्या तरुण कॅप्टनच्या छातीवर उभे राहून अख्खं भाषण केलं. पुढच्या महिन्यात कागद आले, पेट्यांच्या पेट्या.

फ्राउ डॉक्टर आजही केबिनच्या दारात पाय थोडा उचलून आत जातात. तिथे आता काही नाही. मी धडा एवढाच घेतला: ज्याच्या मानासाठी आपण रान उठवतोय, त्याला आधी एक फोन करावा. तो अर्ध्याहून जास्त मान स्वतःच सोडून देतो.

पण आईची जागा भिंतीवरच. ते विचारायला मी आजही फोन करणार नाही.