बायकोच्या गावाला एकवीस दिवस

आमच्या लग्नाला सव्वा वर्ष झालं आणि त्यातले एका छताखाली काढले ते फक्त अठरा दिवस. माझी बायको सुवर्णा माहेरची कुरुंदवाडची. कॅनडात हॅमिल्टन नावाच्या शहरात एका वृद्धाश्रमात नर्स आहे. मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, वडिलांबरोबर पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरतो. लग्नानंतर तिनं माझ्या कायमच्या व्हिसाचा अर्ज भरला आणि ती फाइल ‘प्रक्रिया सुरू आहे’ या एका वाक्यावर जी बसली, ती उठायचं नावच घेईना. शेवटी तीच फोनवर म्हणाली, “तीन आठवडं येऊन बघ. राहवंल असं वाटलं तर व्हय म्हण. न्हाय तर न्हाय म्हण, मीच परत येते. पण हितं येऊन, माझ्या तोंडावर सांग.”

आता यावर कुठला नवरा घरी बसेल?

पेठेत बातमी फुटायला अर्धा दिवस पुरला. समोरचा चहावाला रोज गिऱ्हाइकांसमोर विचारायचा, “काय पावणं, बायकोच्या घरला नांदायला निघालासा व्हय?” आई जमेल तेवढी चटणी बांधत होती. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, दुकानातल्या तांब्याची तार तोलायच्या काट्यावर माझी बॅग ठेवली, “दोन किलो जास्त हाय” म्हणाले आणि परत कामाला लागले. मी एकुलता एक. मी गेलो तर दुकानाचं काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मीही काढला नाही.

माझ्यासारखे जे अडकून पडले असतील त्यांच्यासाठी कामाचं सांगतो. कायमची फाइल चालू असतानाही भेटीचा व्हिसा मागता येतो, फक्त लपवाछपवी करायची नाही. बोटांचे ठसे मी पुण्याला जाऊन दिले. ऑक्टोबरचं तिकीट आधी काढल्यामुळे जाऊन-येऊन सव्वा लाखात बसलं. मुंबईला सकाळच्या बसनं गेलो. सातारा रस्त्याचं काम चालू आहे, तेव्हा दोन तास जादा धरूनच निघा. टोरांटोच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, “बायको इथे आहे, मग परत कशाला जाल?” माझ्या इंग्रजीत जेवढं बसलं तेवढं खरं सांगितलं, की साहेब, फाइल अजून पुरी व्हायची आहे, दुकान तिकडं आहे आणि हे परतीचं तिकीट. सोबतच्या चटणीची नोंदही फॉर्मवर केली होती. त्यानं सगळं उलटून-पालटून बघितलं आणि सोडलं.

बाहेर सुवर्णा माझ्यासाठी जाडजूड जाकीट घेऊन उभी होती. मिठी मारावी की नाही, हे मी विमानात बराच वेळ ठरवत होतो. तिनं विचारलंच नाही, सरळ मारली. इतका आनंद झाला की बॅगा तिथंच विसरून आम्ही वीसेक पावलं पुढं गेलो होतो. “दमलास?” ती अगदी हळू म्हणाली. मनात म्हटलं, परदेशात राहून बाई सुधारली! कुरुंदवाडच्या बाजारात चार दुकानं पलीकडून हाक मारणारी हीच का?

विमानतळावरून हॅमिल्टनला थेट बस आहे, टॅक्सीच्या पाव भाड्यात काम होतं. शहर मला पहिल्या दिवसापासून आवडलं. तळ्याकाठी पोलादाचे जुने कारखाने, मधोमध लांबच लांब कडा आणि त्याच्यावर चढायला पाच-पाचशे पायऱ्यांचे जिने. सुवर्णा कामावर गेली की मी जिने चढायचो आणि ती आली की आम्ही धबधबे बघत हिंडायचो. गावातच इतके धबधबे आहेत, की नायगाराला गेलो तेव्हा “हा जरा मोठा हाय” एवढंच मी बोललो आणि तिनं मला कोपरानं ढोसलं. मेपलची पानं कुंकवासारखी लाल झाली होती. मंडईत वांगं मिळालं ते जवळपास दुधीएवढं. भरीत चांगलं झालं, पण आपल्या कृष्णाकाठच्या वांग्याची चव काही त्याला नाही.

खरा प्रवास घडला तो आठव्या दिवशी, स्वयंपाकघरात.

रविवार होता. मी म्हटलं, आज खर्डा करतो. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजायच्या, लसूण-मीठ-दाणे टाकायचे आणि तव्यातच पेल्याच्या बुडानं ठेचायच्या. बंद खिडक्यांच्या चौथ्या मजल्यावर हे करू नये, एवढी अक्कल मला नव्हती. दोन मिनिटांत घर ठसक्यानं भरलं.

“खिडकी उघड की आधी!” सुवर्णा ओरडली.

“उघडतोय न्हवं! तू तवा उतर!”

“मिरच्या किती घातल्यास? माणसं हायत का म्हशी?”

“कुरुंदवाडात खर्ड्यात साखर घालत्यात काय?”

“माझ्या माहेरावर जाऊ नकोस हां!”

तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. ती खुर्चीवर चढून टॉवेल हलवतेय, मी दणादणा पेला आपटतोय आणि दोघंही त्या भोंग्यावर आवाज चढवून भांडतोय. मग दार वाजलं.

दारात समोरच्या डोरोथीबाई. वय पंचाहत्तर, आयुष्यभर शहराची बस चालवलेल्या. हातात फोन. त्यांनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं, मग मागं उभ्या सुवर्णाकडं. तिचे डोळे लाल, गालांवर पाणी, नाक वाहतंय. त्या शांतपणे म्हणाल्या, “तू जरा बाहेर ये. एकटीच.”

मी हिला मारतोय, असं बाईंना वाटलं होतं! पोलिस, विमानतळ, फाइल, सगळं डोळ्यांसमोर नाचलं. हातात पेला घेऊन मी दाराआड उभा राहिलो. बाहेर कुजबुज चालली होती आणि मग एकदम सुवर्णाचं हसणं ऐकू आलं, पार जिन्यात घुमणारं. ती त्यांना हाताला धरून आत घेऊन आली. चहा झाला. खर्ड्याचा तवा बघून डोरोथीबाईंनी फोन खिशात टाकला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तीन वर्षं ही मुलगी मला रोज जिन्यात भेटते. हिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला.”

दुपारी तळ्याकाठी चालताना मी विचारलं, “खरं व्हय?”

“मग कुणाशी बोलू?” ती म्हणाली. “कामावर म्हाताऱ्या माणसांशी हळू बोलायचं. घरात कोण न्हाईच. तुझ्याशी फोनवर बोलायचं तर भिंती पातळ, म्हणून ते पण हळूच. तुला वाटायचं, मी लाजते.”

वाटायचंच. सव्वा वर्ष रोज तिच्याशी बोलत होतो आणि हे मला कळलं नव्हतं. फार वाईट वाटलं, स्वतःचा रागही आला. एकविसाव्या दिवसापर्यंत थांबायची गरज उरली नाही. “मी येतो,” म्हटलं. “फाइल सुटली की कायमचा.”

“माझी दया आली म्हणून येऊ नकोस हां.”

“दया कसली? तुझ्याशी भांडाय माणूस नको व्हय?”

ती अशी खदखदून हसली, की कुत्रं फिरवणारा एक माणूस वळून बघायला लागला. उरलेले तेरा दिवस आम्ही जन्मभराचं भांडून घेतलं. आयुष्यात इतका खूश मी क्वचितच राहिलो असेन. परतीच्या विमानात मात्र आप्पांना काय सांगायचं याचीच जुळवाजुळव चालली होती. हाताखाली एक कारागीर ठेवू, मोठी कामं घेऊ नका, दर वर्षी महिनाभर येईन.

पोचलो त्याच दिवशी दुकानात गेलो. आप्पा मोटारीत तार भरत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, खर्डा, डोरोथीबाई, तळ्याकाठचं बोलणं. दुकानाचा विषय आता काढणार, तेवढ्यात त्यांनी हातातली तार खाली ठेवली.

“आणि तिला तिथं तशीच एकटी ठेवून आलास व्हय रं?”

“फाइल सुटेपर्यंत परत यावंच लागतंय, आप्पा,” एवढंच कसंबसं म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडं न बघता हात पुढं केला आणि म्हणाले, “फोन लाव तिला. मला बोलायचं हाय.”