शांततेत दाबलेलं बटण

माझी आत्या कान तपासते. ती डॉक्टर नाही. डॉक्टरबाई पलीकडच्या खोलीत बसतात. आत्याच्या ताब्यात एक छोटी आवाजबंद खोली आहे. आत एक खुर्ची, उजव्या कानाला लाल आणि डाव्या कानाला निळा असे हेडफोन आणि हातात धरायचं एक बटण. मध्ये जाड काच. काचेच्या अलीकडे आत्या आणि तिचं यंत्र. ती एक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की आतल्या माणसाने बटण दाबायचं. आवाज हळूहळू कमी होत जातो आणि एका ठिकाणी संपतो. निदान त्या माणसापुरता तरी संपतो.

मध्येच कधीतरी आत्या काहीच सोडत नाही. नुसती थांबते. कुठे थांबायचं ते ठरलेलं नसतं, कारण ठेक्यात आवाज दिला की माणूस ठेक्यातच बटण दाबायला लागतो. गंमत अशी, की या रिकाम्या वेळातही काही लोक बटण दाबतात. चांगलं ठासून दाबतात.

"खोटं नसतं गं ते," आत्या म्हणते. "त्यांना खरंच काहीतरी ऐकू येतं. कान देऊन वाट बघत बसलं की येतं."

सुरुवातीला तिला वाटायचं, रिकाम्या शांततेत बटण दाबणारी माणसं श्रद्धाळू असणार. तसा तिने मनातल्या मनात अंदाजच बांधला होता. माणूस खोलीत शिरताना काही पुटपुटतो का, गळ्यात काही आहे का, बसण्याआधी डोळे मिटतो का, यावर ती नजर ठेवायची. अंदाज साफ चुकला. देवाचं नाव घेऊन बसलेली एक म्हातारी शेवटपर्यंत एकदाही चुकली नाही. उलट, "मी असल्या कशावर विश्वास ठेवत नाही" असं न विचारता सांगणारे एक गृहस्थ शांततेतही टकटक बटण दाबत राहिले. मग तिच्या लक्षात आलं, की नापास व्हायची भीती ज्याला जास्त, तो जास्त दाबतो. देवाचा तिथे काही संबंध नव्हता. याचं तिला थोडं वाईट वाटलं, असं तिनेच मला सांगितलं. इतका छान अंदाज होता!

आत्याने घरचा धर्म सोडला तेव्हा मी जन्मले नव्हते. आजी सांगते, आत्या एका सकाळी प्रार्थनाघराकडे निघताना दाराशी थांबली, हातात एक चप्पल घेऊन म्हणाली, "मी नाही येत. आजच नाही असं नाही, यापुढे कधीच नाही." आजोबा म्हणाले, "बरं. चप्पल तरी खाली ठेव." आजोबा म्हणजे प्रार्थनाघरात सगळ्यांच्या पुढे उभे राहून ओळ म्हणणारे. ते एक ओळ म्हणायचे, मग सगळे मिळून तिचं उत्तर म्हणायचे, आणि उत्तर संपलं की आजोबा पुढची ओळ घ्यायचे. "आम्ही आलो आहोत," आजोबा. "आमच्यासाठी जागा असू दे," बाकीचे. त्यांच्याच घरातली मुलगी त्या दिवसापासून उत्तर द्यायची बंद झाली.

लोकांना वाटतं, काहीतरी वाईट घडलं असणार. कुणी गेलं असेल, कुणी फसवलं असेल. आत्याला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला, की तिने उत्तर पाठ करून ठेवलंय. "काही घडलं नाही. तेच तर. इतकी वर्षं मी जात होते, काहीच घडलं नाही."

पहिली काही वर्षं ती कडकडीत नास्तिक होती. नवा चष्मा लागलेला माणूस रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत सुटतो, तशी ती दिसेल त्याची श्रद्धा तपासायची. जेवायला बसलं की वाद. शेवटी एकदा आजी वैतागून म्हणाली, "अगं, आम्ही आठवड्यातून एकदा देवाचं नाव घेतो. तू सोडलंस, तर रोज दोन्ही वेळच्या जेवणाला घेतेस!" आत्या खूप हसली आणि वाद घालायची थांबली. मग उरलं ते कुतूहल. आता तिला कुणी विचारलं, की तू नास्तिक का, तर म्हणते, "माहीत नाही. ऐकू येत नाही, एवढं सांगू शकते. आवाजच नाही की माझा कान नाही, ते कसं सांगू?" याला अज्ञेयवादी म्हणतात, असं मी तिला एकदा सांगितलं. "बापरे," ती म्हणाली. "एवढा शब्द अंगावर घालून फिरायचं म्हणजे कोट-टाय लावून भाजी आणायला जाण्यासारखं आहे."

आजोबा आणि ती बोलायचे. रीतसर बोलायचे. तब्येत, पाणी आलं का, दाराची कडी दुरुस्त झाली का. त्या एका विषयाला मात्र दोघं वळसा घालून जायची. रस्त्यात खड्डा असतो आणि तो सगळ्यांना पाठ असतो, तसं.

आजोबांना कमी ऐकू येऊ लागलं, हे आजोबा सोडून सगळ्यांना माहीत होतं. घरात फार अडलं नाही, कारण आजी तशीही मोठ्यानेच बोलते. प्रार्थनाघरात अडलं. लोकांचं उत्तर संपायच्या आतच आजोबा पुढची ओळ घ्यायला लागले. कधी उत्तर संपून जायचं, सगळे थांबायचे, आणि आजोबा समोर तसेच उभे. मंडळींनी आडून आडून सांगितलं. शेवटी एकाने स्पष्टच विचारलं, एकदा कान तपासून घेता का? कान नीट असतील तर प्रश्नच नाही. नसतील, तर पुढे उभं राहायला दुसरं कुणी बघू.

आजोबा आत्याच्या दवाखान्यात आले ते असे. त्यांना घेऊन मीच गेले होते. आत्या दार उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, दुसऱ्या कुणाकडे दाखवायचं असेल तर मी नाव सुचवते. घरच्या माणसाने तपासू नये."

"दुसऱ्याकडे कशाला?" आजोबा म्हणाले. "मला खरं काय ते हवंय. तुला खोटं बोलता येत असतं, तर तू त्या दिवशी गपचूप चप्पल घालून आली असतीस."

आत्याने त्यांना आतल्या खुर्चीत बसवलं. तिने त्यांच्या कानांत बॅटरी मारून पाहिलं, मळ नाही ना याची खात्री केली, हेडफोन बसवले. बटण हातात देताना तिने जरा जास्तच वेळ समजावलं. मी तिच्यामागे स्टुलावर बसले.

आजोबांनी सुरेख तपासणी दिली. आवाज आला की दाबायचे. ती थांबली की थांबायचे. ठेका चुकवला तरी चुकले नाहीत. आवाज बारीक होत गेला, आजोबा दाबत गेले. कागदावरची रेघ वरच्या वर राहिली. म्हणजे कान चांगले. आत्याचा चेहरा खुलला. तिने दार उघडलं आणि जवळजवळ ओरडलीच, "बाबा, कान ठणठणीत आहेत तुमचे! मंडळींना सांगा, आधी स्वतःचे तपासा म्हणावं."

आजोबा लहान मुलासारखे हसले.

"आता एकच राहिलं," ती म्हणाली. "मी साधे शब्द म्हणते, तुम्ही ते परत म्हणायचे." या तपासणीत तोंडापुढे कार्ड धरतात, ओठ दिसू नयेत म्हणून. आत्याने कार्ड धरलं आणि म्हणाली, "खिडकी."

आजोबा बघत राहिले.

"साबण."

आजोबांनी मान किंचित तिरकी केली. "अगं, ते कार्ड काढ ना. काय बोलतेस ते दिसतच नाही."

आत्याने कार्ड खाली केलं. मघाचा कागद घेतला, परत ठेवला. बारीक आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला समोरचा शब्द ऐकू येऊ नये, असं होत नाही. दोन्ही तपासण्या खऱ्या असू शकत नव्हत्या. यंत्र बिघडलंय का म्हणून तिने हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिले. यंत्र ठीक होतं.

"बाबा," ती सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, "मघाशी तुम्हाला आवाज येत होता ना?"

"एखाददुसरा येत होता."

"मग बाकीच्या वेळी बटण कशावर दाबलंत?"

"तू मान हलवत होतीस की," आजोबा म्हणाले. त्यांना यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. "दर वेळी. हनुवटी अशी खाली. मला वाटलं, तशीच पद्धत असेल."

आत्या माझ्याकडे वळली. "मी मान हलवत होते?"

मला काय माहीत? मला तिची पाठ दिसत होती.

आजोबा मग सगळं सांगू लागले. प्रार्थनाघरात ते किती दिवस असंच करत होते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या हनुवट्या बघायच्या. उत्तर संपलं की हनुवट्या खाली येतात, त्या आल्या की आपण पुढची ओळ घ्यायची. छान चाललं होतं. पण त्यातले काही वारले, काही घराबाहेर पडेनासे झाले. नवी मंडळी सगळी मागे बसतात आणि मान खाली घालूनच असतात. "हनुवटीच दिसत नाही कुणाची," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले.

आत्या खाली बसली. मला तिची मनापासून दया आली. आलेल्या माणसाला इशारा मिळू नये म्हणून बोटंसुद्धा दिसू न देणारी ही बाई. तिला वाटत होतं ती फक्त ऐकू येतं का ते विचारते आहे, आणि ती सबंध वेळ आपल्या वडिलांना उत्तर पुरवत होती. तेही मनापासून. तिचं तिलाही न कळता.

"परत करू," ती म्हणाली.

या वेळी तिने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. हात पाठीमागून यंत्रावर. आता आजोबांचा चेहरा मला दिसत होता, तिला नाही. पहिले मोठे आवाज झाले, आजोबांनी बटण दाबलं. मग आवाज बारीक झाले आणि आजोबा थांबले. ते काचेतून तिच्या पाठीकडे बघत होते. अंगठा बटणावर तयार होता. दाबला असता तर कुणी अडवणार नव्हतं. त्यांनी दाबला नाही. बराच वेळ काही नाही. मग स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, "सुरू झालं का गं?"

सुरू होतं. केव्हाचं सुरू होतं.

कागदावर रेघ उतरत गेली. आत्याने तो त्यांच्या पुढ्यात धरला आणि सगळं स्पष्ट सांगितलं. यंत्र लावलं की समोरासमोर बोललेलं बरंच कळेल. पण मोठ्या खोलीत खूप माणसं एकदम बोलली, की त्यातलं कुठे काय संपलं हे यंत्रालाही नीट सांगता येत नाही. आजोबांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "म्हणजे नापास," ते म्हणाले.

"मी येते," आत्या एकदम म्हणाली. "दर आठवड्याला येऊन पुढच्या रांगेत बसते. मी हनुवटी हलवेन, तुम्ही पुढची ओळ घ्या."

आजोबांनी कागद मांडीवर ठेवला. मग त्यांना हसू आलं. "तू विश्वास नसताना मान हलवणार आणि मी ऐकू येत नसताना ओळ घेणार. अगं, वर बसलेल्या त्या बिचाऱ्याने कुणाचं खरं मानायचं?"

"तो ऐकतो असं तुम्हाला खरंच वाटतं?" इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं. आवाजात वाद नव्हता. "बाबा, कान चांगले होते तेव्हा तुम्हाला कधी काही ऐकू आलं?"

"लोकांचं यायचं."

"त्याचं?"

"नाही," आजोबा म्हणाले. "ऐकू आलं असतं, तर विश्वास कशाला लागला असता?"

आत्याने यावर थोडा विचार केला. "हे मला पटत नाही."

"नको पटू देऊस. रिपोर्ट लिही."

तिने रिपोर्ट लिहिला. होता तसा लिहिला. आजोबांनी मंडळींना दाखवला, आणि पुढे दुसरे गृहस्थ उभे राहू लागले. खरी पंचाईत नंतर उघड झाली. त्या सकाळी आजोबा पहिल्यांदाच बाकावर, लोकांमध्ये बसले. पुढच्या गृहस्थांनी ओळ घेतली, सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि आजोबांच्या लक्षात आलं, की पहिली दोन-चार सोडली तर उत्तरं आपल्याला येतच नाहीत. जन्मभर त्यांनी ओळी म्हटल्या होत्या. उत्तराच्या वेळी त्यांचं सगळं लक्ष उत्तर संपतंय कधी, याकडेच.

"मंडळींना विचारायचं तर लाज वाटते," ते कानातलं नवं यंत्र चाचपत आत्याला म्हणाले. "तुला येतात का अजून?"

"सगळी," आत्या म्हणाली. "काय करू, जात नाहीत डोक्यातून."

मग दुपारी ती दोघं आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसू लागली. आजोबा ओळ म्हणायचे, आत्या समोर बसून एकेक शब्द सुटा करून उत्तर म्हणायची आणि आजोबा ते तिच्या मागून म्हणायचे. त्यांच्या अंगात ओळ घ्यायची सवय इतकी मुरलेली, की उत्तर अर्धं राहायचं आणि हे पुढे निघून जायचे. "थांबा हो," आत्या ओरडायची. "आता तुम्ही आमच्यात आहात." हे म्हटलं की आजी आतून म्हणायची, "कुणाच्यात?"

एकदा मी तिला विचारलं, हे म्हणताना आत काही होतं का? तिने प्रामाणिकपणे तपासून पाहिलं, दाताला जीभ लावून बघावी तसं. "चाल आवडते," ती म्हणाली. "त्यापुढे अजून काही नाही. बघतेय."

आजोबांनाही कुतूहल होतं, वेगळं. "एक सांग," त्यांनी एका दुपारी मध्येच थांबून विचारलं, "उत्तर म्हणताना तुम्ही लोक मनात काय आणायचात?"

"बाकीच्यांचं माहीत नाही. मी पुढच्या बाकावरच्या बाईंची केसातली पिन बघायचे. आज सुटणार, आज सुटणार."

"पिन!" आजोबा मागे टेकले. "आणि मी समोरून बघायचो. मला वाटायचं, सगळे अगदी मनापासून म्हणतायत."

"काही जण म्हणत असतील की."

"कोण?"

"ते मला कसं कळणार, बाबा? चेहरे तुम्हाला दिसायचे. मला सगळ्यांच्या पाठी."

आजोबा टेबलावर बोटाने बाकांच्या रांगा आखत राहिले. एकेक चेहरा आठवून पाहत असावेत. मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि म्हणाले, "बरं, पुढचं उत्तर सांग. सावकाश."