सर्व्हरची विश्वकर्मा पूजा

महाराष्ट्रात यंत्रांना हळदकुंकू लागतं ते दसऱ्याला. आमच्या बनारसमध्ये त्याआधीच, विश्वकर्मा पूजेला. त्या दिवशी इथला ट्रक हलत नाही, छापखाना चालत नाही, आणि मला मात्र सकाळपासून श्वास घ्यायला फुरसत नसते. एरवी मी दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे धार्मिक विधी सांगतो. त्या एका दिवशी गॅरेजं आणि गोदामं माझी यजमान होतात. इंजिन ऑइलच्या वासात मंत्र म्हणायला मला मनापासून आवडतं.

माझी धाकटी बहीण या दिवसाला वैतागलेली असायची. ती एका मालवाहतूक कंपनीचे संगणक सांभाळते. सर्व्हर बनारसच्या कचेरीत, आणि नागपूर, इंदूर, पाटण्याच्या गोदामांतले कारकून लांबून त्याच्यावर काम करतात. त्यांच्यापुढे नुसता पडदा आणि कीबोर्ड. सगळं काम होतं ते इथे. कुणाचं काही अडलं, की अहिल्याबाई घाटामागच्या आमच्या घरी बसल्या बसल्या ती त्याचा पडदा आपल्या लॅपटॉपवर उघडते आणि दुरुस्ती करून मोकळी होते. नागपूरच्या माणसाच्या पडद्यावरचा बाण असा आपोआप सरकताना बघून आई एकदा दचकली. "अगं, दुसऱ्याच्या घरात असं शिरतात का?"

"विचारून शिरते गं आई. त्यानं हो म्हटल्याशिवाय दरवाजा खुलतच नाही."

मागच्या वर्षी पूजेसाठी कचेरीतला जुना सर्व्हर बंद केला, तो दुसऱ्या दिवशी उठलाच नाही. नागपुरात भरलेले ट्रक पावतीविना उभे राहिले. मशीन थकलंय, बंद करू नका, असं बहिणीने आधीच बजावलं होतं. पण बोल तिलाच लागला. कंपनीचे मालक शांतपणे म्हणाले, "बिटिया, एक बार और ऐसा हुआ तो हम दूसरा आदमी देखेंगे." बँकेतली नोकरी सोडून तिने मिळवलेलं हे पहिलं मोठं काम. ते गेलं तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली जायचं, आणि हाताखाली राहणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही, तिला तर नाहीच. वर्षभर मला तिच्यापेक्षा जास्त धास्ती होती.

तिने मालकांच्या मागे लागून जुन्याच्या जागी दोन नवे सर्व्हर बसवले. दोन कशाला, असं मी विचारलं, तेव्हा स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता तिने मला समजावलं. "दादा, मशीन म्हणजे आता नुसतं घर. आत वेगवेगळी बिऱ्हाडं राहतात. हिशेबाचं एक, पावत्यांचं एक, बाहेरगावच्या लोकांचं एक. प्रत्येकाला वाटतं, पूरं घर आपलंच आहे. आणि वेळ आली तर बिऱ्हाड उचलून शेजारच्या घरात ठेवता येतं. चुलीवरचं दूधसुद्धा उतू जात नाही."

"दूध उतू न जाता बिऱ्हाड हललेलं मी तरी बघितलं नाही," मी म्हणालो. आमचं स्वतःचं बिऱ्हाड मुन्शी घाटाहून इकडे आलं, तेव्हा देवघरातली घंटाच हरवली होती.

यंदा पूजेला मी कचेरीत पोहोचलो तेव्हा बहीण सर्व्हरच्या खोलीत उभी होती. तोंडावरचा रंग उडालेला. तिचा बेत असा होता, की एक सर्व्हर पूजेत पूर्ण थंड ठेवायचा, दुसऱ्याने काम करायचं आणि त्याचा विसावा उद्या. कचेरीचा हिशेब बघणारे मुनीमजी तिच्या कानाशी लागले, "काहे झंझट? लाल कपड़ा डाल दो ऊपर से. बत्ती नहीं दिखेगी, किसको पता चलेगा?"

"भगवान के सामने झूठ नहीं, मुनीमजी. बंद मतलब बंद."

मला तिचा इतका अभिमान वाटला, की मुनीमजींना चार शब्द सुनावायचे राहूनच गेले.

मालकांनी मला विचारलं, "पंडितजी, आज एक, कल दूसरा, ये चलेगा?" मी म्हटलं, मंदिरातले पुजारीही पाळीपाळीनेच विसावा घेतात. ते हसले, पण खिशातून फोन काढला आणि नागपूरच्या कारकुनाला लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. बहिणीने लॅपटॉपवर बिऱ्हाडं हलवायला घेतली. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत होती.

"काम चल रहा है?" मालकांनी विचारलं.

"चल रहा है, भैयाजी. क्यों, क्या हुआ?"

पट्टी भरली. बहिणीने पहिला सर्व्हर बंद केला. त्याच्या पंख्यांची घरघर उतरत उतरत थांबली.

"अब?"

"अब भी चल रहा है. भैयाजी, गाड़ी लगी है, पावती निकाल लूँ? फिर बात करता हूँ." आणि त्याने चक्क मालकांचा फोन ठेवला.

मालकांनी बंद सर्व्हरवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. बहीण माझ्याकडे बघत होती आणि मलाही त्यांच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येईना.

मग औजारं मांडायची वेळ आली. आमच्या या यजमानांकडे रीत अशी, की ज्याचं औजार देवापुढच्या चौरंगावर लागतं, तो त्या घरचा माणूस; त्याला कुणी काढत नाही. ड्रायव्हरांनी किल्ल्या ठेवल्या, मिस्त्रींनी नटबोल्टचे पाने ठेवले. बहीण नेहमीप्रमाणे दाराशी उभी राहिली.

"बिटिया, तुम्हारा औज़ार?" मालकांनी विचारलं.

ती गोंधळली. मग लॅपटॉप छातीशी धरून पुढे आली. "यही है. लेकिन ये बंद नहीं हो सकता. सब इसी पर देख रही हूँ."

पूजेत चालू यंत्र मांडलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मालकांनी वाकून स्वतःच्या हाताने किल्ल्या बाजूला सारल्या आणि जागा केली.

"चलने दो," ते म्हणाले. "घर का है."

मी कुंकवाचं बोट आधी लॅपटॉपला लावलं, मग तिच्या कपाळाला.