ताईचं रक्त

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय.

परळच्या एका प्रयोगशाळेत मी पीएचडी करत होते. विषय — एचटीएलव्ही नावाचा विषाणू. तो रक्तातल्या टी पेशींत शिरतो. या पेशी आपल्या राखणदार. रोगजंतू आले की त्यांच्या आत ‘वाढा’ असा संदेश जातो, काम झालं की तो थांबतो. हा विषाणू तो थांबूच देत नाही. पेशी वाढतच राहतात. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना — पुष्कळ वर्षांनी — रक्ताचा कॅन्सर होतो.

तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. ठरलेला माणूस आला नाही, म्हणून काळाचौकीहून ताईला बोलावलं. परवानगीचे सोपस्कार केले नाहीत. आपलीच ताई — काय बिघडतं?

तिच्या पेशींत तो संदेश चालूच होता. मी पुन्हा पाहिलं. मग विषाणूची चाचणी केली. होता.

तेवढ्यात तिचा फोन. “काय गं, काय निघालं माझ्या रक्तात?”

“काही नाही, ताई. नॉर्मल.”

इतकं सोपं असतं? असतं. बोलले असते तर विनापरवानगी रक्त घेतल्याचं उघड झालं असतं, पीएचडी गेली असती. मी नमुना फेकला, दुसऱ्या कुणाचं तरी रक्त घेतलं.

पुढच्या वर्षी ताईला मुलगी झाली. हा विषाणू आईच्या दुधातून बाळाकडे जातो — मला ठाऊक होतं. वरचं दूध दे, एवढंच म्हणायचं होतं. आईने अळीवाचे लाडू केले, दूध भरपूर यावं म्हणून. डबा घेऊन प्रसूतिगृहात मीच गेले. ताईने लाडू खाल्ला, बाळाला पदराखाली घेतलं. मी — मी खिडकीबाहेर बघत बसले.

इरा आता शाळेत जाते. साधा ताप आला तरी मी धावत जाते, तिच्या मानेला गाठी लागतात का ते चाचपते. “मावशी, गुदगुल्या!” म्हणून ती खिदळते. ताई हसते — “माय मरो पण मावशी उरो, उगाच नाही म्हणत!” इराचं रक्त मी अजून तपासलेलं नाही.

आणि अजून एक. ताईला तो विषाणू बहुधा आईकडूनच आला. आम्ही दोघी त्याच आईचं दूध प्यायलो. म्हणून, ताईला ‘नॉर्मल’ सांगितलं त्याच दिवशी, मी दार लावून माझं रक्त तपासलं. नव्हता. मी खुर्चीत बसून रडले — आनंदाने. मग खाली जाऊन चहा प्यायले.