पाणी न पिणारी मोटार

झरीच्या रायभानला चिडवायचं असेल तर शिवी द्यायची गरज नव्हती. त्याच्या मोटारीपाशी उभं राहून नुसतं विचारायचं, "रायभान, हिच्यात पाणी कुठून घालायचं रं?" बस्स. माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

लोक म्हणायचे, रायभान तिरसट आहे. होता, मान्य. पण बारा वर्षं सकाळ-संध्याकाळ तुम्हाला कुणी एकच खुळा प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकायच्या आधीच फिदीफिदी हसत चालू लागला, तर तुम्ही काय पेढे वाटाल?

उत्तर साधं होतं. ती मोटार पाणी पीतच नव्हती. बाकीच्या मोटारींचं इंजिन गार ठेवायला पाणी लागतं, हिला वारा पुरायचा. पुढं मोठा पंखा, तो वारा ओढून पत्र्याच्या बोगद्यातून सहाही सिलिंडरांवर सोडायचा, की झालं काम. अमेरिकेत बनलेली, हैदराबादच्या कुण्या नवाबानं आणलेली आणि त्याची हौस फिटल्यावर ताडकळसच्या आबासाहेबांकडे आलेली. आपल्या कोरडवाहू मुलखात, जिथं उन्हाळ्यात माणसालाच घोटभर पाणी मिळायची मारामार, तिथं बिनपाण्याची मोटार म्हणजे देवानं धाडलेली वस्तू. पण देवानं धाडलेलं आपल्या लोकांना कधी ओळखू आलंय?

रायभानला ओळखू आलं. जातीचा धनगर, पण लढाईच्या काळात दोन वर्षं फौजेच्या मोटारखान्यात इंजिनं पुसायला होता. पुसता पुसता उघडायला शिकला, उघडता उघडता जोडायला. लढाई संपली तसा परत आला आणि पुन्हा मेंढरांमागं लागला.

अठ्ठेचाळीस साली, पोलिस ॲक्शन होऊन महिना झाला असेल, त्याची मेंढरं आबासाहेबांच्या रानात बसली होती. खतासाठी रानात मेंढरं बसवायची आणि त्याबदल्यात ज्वारी घ्यायची, ही धनगरांची जुनी रीत. नवाबाकडून मोटारीबरोबर आलेला ड्रायव्हर त्या धामधुमीत हैदराबादला निघून गेला होता, आणि मोटार हाकायची हुक्की आली आबासाहेबांच्या पुतण्याला, व्यंकटरावाला. वाटेत पट्टा तुटला, पंखा थांबला, इंजिन तापून धुमसायला लागलं. व्यंकटरावानं पाणी घालायचं झाकण शोधलं. नव्हतंच, तर सापडणार कुठून? त्यानं विहिरीवरून घागर मागवली.

रायभान बांधावरून पळत आला. "मालक, घालू नका! ती पाण्याची न्हाई, वाऱ्याची हाय! निवू द्या तिला!"

"तू मेंढरं राख, मेंढरं," व्यंकटराव म्हणाला आणि भरली घागर त्या रसरसत्या इंजिनावर पालथी केली.

तडाक, तडाक. दोन सिलिंडर उभे चिरले. आणि गावभर सांगितलं काय, तर मोटारच भिकार निघाली! नाचता येईना, अंगण वाकडं.

त्या दिवशीचा रायभानचा संताप पुढं कधी पुरता निवलाच नाही. आपलं ऐकलं नाही, हे सोडा. धनगराचं कोण ऐकतं? पण चांगली वस्तू अडाणीपणानं मारायची आणि वर दोषही तिलाच द्यायचा, हे त्याला सोसेना. हंगाम सरला, आबासाहेबांनी ठरलेली ज्वारी काढली तेव्हा तो म्हणाला, "ज्वारी राहू द्या. गोठ्यातली मोटार द्या."

आबासाहेबांना हसता हसता ठसका लागला. "ने बाबा. तेवढीच म्हशीला जागा होईल."

दोन बैलजोड्या जुंपून मोटार झरीला आली. अख्खं गाव वेशीवर. कुणीतरी बादली घेऊन पुढं झालं, "तहानली असंल, पाजा की!" तेव्हापासून हे सुरू झालं.

दारात बायको उभी होती, बानूबाई, काठी टेकून. "ज्वारी कुठं हाय?" तिनं विचारलं. मग मोटारीकडे बघितलं. "आता वरीसभर लोखंड शिजवू का चुलीवर?"

तिचं चुकत नव्हतं. पण रायभानच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आदल्या वर्षी कोकरू खांद्यावर घेऊन ओढा ओलांडताना बानूबाई पडली, गुडघा मोडला, आणि हाड बसवणाऱ्यानं तो असा बसवला की पाय पुन्हा वाकलाच नाही. काठीसारखा सरळ. तिचं माहेर लांब, पार गंगेपल्याड, म्हणजे गोदावरीपल्याड, पालमला. एकदा बैलगाडीनं गेली तर हिसक्यांनी गुडघा भोपळ्याएवढा सुजला आणि तीन महिने अंथरुणात काढले. एकदा बसमध्ये चढवली, तर कंडक्टर म्हणाला, "पाय दुमडा, नाहीतर उतरा." आणि भर बाजारात उतरवलं. दुमडत असता तर तिनं काय हौसेनं लांब ठेवला होता? पालमला तिची माय, धुरपताबाई, एकटी राहायची आणि तिचे डोळे दरसाल अधू होत चालले होते.

"बाने," रायभान म्हणाला, "तुला हिच्यात पाय लांब करून बसवतो अन् पालमला न्हेतो."

बानूबाई काठी टेकत चुलीकडे वळली. नवरे बोलतच असतात.

पण हा नवरा बोलून थांबला नाही. दरसाल लोकर विकायला हैदराबादला जायचा, तेव्हा भंगार बाजार पायाखाली घालायचा. एक्कावन्न साली तसल्याच एका मोटारीचे तुकडे सापडले, त्यातला एक सिलिंडर मिळाला. दुसऱ्यासाठी चार वर्षं गेली. शेवटी एका दुकानदारानं दाराला टेकण म्हणून ठेवलेला दिसला. रायभान त्या दुकानदाराशीच भांडला, "अहो, देवाला पायपुसणं करता काय?" वाऱ्याचा बोगदा गंजून चाळण झाला होता. तो गावच्या मुंजाजी लोहारानं रॉकेलचे डबे कापून नवा केला, आणि पहिली तीन वर्षं हा मुंजाजीसुद्धा हातोडा थांबवून विचारायचा, "पर पाणी कुठं?" खालची लाकडी चौकट वाळवीनं खाल्लेली, ती बाभळीची केली. मग रायभाननं ड्रायव्हरशेजारची पुढची बैठक कापून काढली आणि पुढपासून मागपर्यंत एकच लांब बैठक बसवली. शिंप्यानं चोळीचं माप घ्यावं तसं सुतळीनं बानूबाईच्या पायाचं माप घेतलं. गादीत घरच्या मेंढरांची लोकर, वर काळी घोंगडी. दाराखाली वीतभर उंचीची पायरी, कंडक्टरच्या नाकावर टिच्चून.

तोवर निजामाचं राज्य गेलं होतं, हैदराबादचं राज्यही मोडलं, परभणी मुंबईकडे गेली. कागदांवरची उर्दू जाऊन मराठी आली. राज्यं बदलली, प्रश्न तोच राहिला, पाणी कुठं घालायचं?

एकोणसाठच्या दिवाळीत इंजिन सुरू झालं. बानूबाई पायरी चढून बसली, पाय लांब केला. टाच बरोबर बैठकीच्या काठाला टेकली. "माप बराबर हाय," एवढंच म्हणाली, पण डोळे पुसले.

आता पालम! कसलं पालम? जमादारानं सांगितलं, मोटार पास करून घेतल्याशिवाय रस्त्यावर आणलीस तर जप्त. मोटारी तपासणारे साहेब महिन्यातून एकदा परभणीला यायचे. पास नाही म्हणून चालवत न्यायची नाही, चालवत नेली नाही तर पास व्हायची नाही! मग चालती, धडधाकट मोटार रायभाननं बैल जुंपून परभणीला ओढत नेली. बघणाऱ्यांची करमणूक झाली.

साहेब नवे, तिकडे पश्चिमेकडून बदलून आलेले. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, झाकण उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रेडिएटर कुठे आहे?"

"न्हाई साहेब. हिला लागत न्हाई. ही वाऱ्यावर निवती."

"फॉर्ममध्ये रकाना आहे. रेडिएटरची स्थिती. काय लिहू?"

"लागत न्हाई, असं लिवा."

"तसं लिहिता येत नाही. नापास."

रायभाननं इंजिन सुरू करून दाखवलं. तासभर चालू ठेवलं, सिलिंडरांवरून येणाऱ्या वाऱ्यावर साहेबांना हात धरायला लावला. साहेबांनी हात धरला, हात पुसला आणि नापासचा शिक्का मारला. पुढच्या महिन्यात पुन्हा बैल, पुन्हा परभणी, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला रायभानचा तोल गेला. साहेब ज्या फटफटीवर बसून यायचे, तिच्याकडे बोट करून तो ओरडला, "हिच्यात कुठं हाय रेडिएटर? तुमची फटफटी काय इहिरीवर पाणी पिऊन येती? ती बी वाऱ्यावरच निवती की!"

"ती दुचाकी," साहेब शांतपणे म्हणाले. "दुचाकीच्या फॉर्ममध्ये तो रकाना नाही."

घ्या! आता या माणसापुढं डोकं आपटायचं की फटफटी? इंजिनाला कळत होतं, वाऱ्याला कळत होतं, एका फॉर्मला कळत नव्हतं, आणि राज्य फॉर्मचं होतं.

मुंजाजी म्हणाला, "डबाच पाहिजे ना त्यांना? डबा देऊ. पत्र्याचा करतो, पुढं झाकण लावतो, पाणी भर. कशाला जोडायचा न्हाई."

"खोटं लावू?" रायभान कडाडला. "बारा वर्सं एकेक खिळा खरा बसवला, अन् तोंडावर खोटं लावू?" दोन दिवस तो मुंजाजीशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी पालमहून निरोप आला. धुरपताबाईचे डोळे पार गेले होते. निरोप असा, की बानीला म्हणावं आता बघायचं राहिलंच, एकदा तोंडावरून हात तरी फिरवू दे. बानूबाई काठी घेऊन उठली. जाऊन त्या मोटारीत पाय लांब करून बसली, आणि जेवायलासुद्धा उतरेना.

रायभान उठला आणि मुंजाजीकडे गेला. "कर डबा. वाऱ्याची वाट तेवढी सोड."

नव्या राज्याची मिरवणूक नुकतीच होऊन गेली होती, परभणीत कमानी अजून उभ्या होत्या. चौथ्या खेपेला साहेबांनी डब्याचं झाकण फिरवलं, आत बोट बुडवलं, ओलं बोट बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "शाब्बास! आता झाली मोटार." पास.

झाली मोटार! त्या शाब्बासकीनं रायभानला जे लागलं ते तीन नापासांनी मिळून लागलं नव्हतं. बारा वर्षांचं खरं एका क्षणात नापास, आणि चार दिवसांच्या खोट्याला शाब्बास! कागद हातात पडताच त्यानं तिथंच डब्याखालची बुची काढली आणि सगळं पाणी अंगणातल्या धुळीत सोडलं. साहेब दुसऱ्या मोटारीकडे वळले होते. "बाने," घरी येऊन तो म्हणाला, "पालमला पोचलो की पयला हा डबा उपटून फेकतो. तोंडावर थुंकल्यासारखा वाटायलाय." आणि आठवणीनं पाना सदऱ्याच्या खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी निघाले. बानूबाई लांब बैठकीवर, पाय पसरून, राणीसारखी. परभणी मागं पडली. गंगेच्या पात्रात, उतारावरच्या वाळूत चाकं रुतली तेवढी तिथल्या बैलांनी ओढून दिली, बाकी मोटार कुठं अडली नाही. मे महिन्याचं ऊन, वाटेत दोन ट्रक धापा टाकत पाण्यासाठी उभे. रायभान त्यांच्या शेजारून गेला. हसला नाही, पण त्यानं हॉर्न मात्र दोनदा वाजवला.

पालमला धुरपताबाई दारातच बसली होती. बानूबाई वीतभर पायरीवरून उतरली. म्हातारीनं तिच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. "बारीक झालीस गं," म्हणाली. मग खाली वाकून तो सरळ पाय चाचपला. "अन् ह्या पायानं कशी आलीस?"

"मोटारीत, माय. ह्यांनी केली. घरची हाय."

"घरची?" म्हातारी भिंतीच्या आधारानं आत गेली आणि भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. नवं जनावर दारात आलं की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि त्याला पाणी दाखवायचं, ही रीत. तिनं तुकडा ओवाळला, टाकला आणि चाचपडत पुढं आली. हात तापलेल्या पत्र्याला लागला.

"लय तापलंय गं बिचारं," ती म्हणाली. "माझ्या लेकीला एवढ्या लांबून आणलं. तहान लागली असंल." तिनं तांब्या वर उचलला. "रायभान, ह्याचं तोंड कुठं हाय? पाणी कुठून घालू?"

बानूबाईला वाटलं, आता हा ओरडणार. रायभाननं झडप घालून म्हातारीचं मनगट धरलंच होतं. बारा वर्षांचं उत्तर जिभेवर आलं होतं.

ते तो गिळून गेला. धरलेल्या हातानंच त्यानं म्हातारीला दोन पावलं पुढं नेलं आणि मुंजाजीच्या डब्याचं झाकण फिरवलं.

"हितं, आत्याबाई. हितून घाला."

रिकाम्या डब्यात पाणी बुडबुडत गेलं. म्हातारी कान देऊन ऐकत होती. तांब्या संपला तसा तिनं पत्र्यावर हात थोपटला. "पिलं बघ कसं."

दोन दिवस ते पालमला राहिले. पाना रायभानच्या खिशातच होता, आणि तसाच झरीला परत आला.