लाल अक्षरांचं पान

ऑफिसात तिला 'लालनको' म्हणत, आणि ते उगाच नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्या प्रोग्रॅममधली चूक गिऱ्हाइकासमोर पानभर लाल अक्षरांत उमटली आणि साहेबांनी सगळ्यांदेखत तिची बिनपाण्यानं केली. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला: लोकांना चूक दिसता कामा नये. पुढे डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट तिनंच केली. सर्व्हरवर काहीही बिघडो, माणसाला एकच पान दिसायचं: 'धन्यवाद, तुमची नोंद झाली आहे.' खरी चूक मुकाट्यानं लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या टिपणवहीत जाई. ती वही रोज वाचायची असं तिनं ठरवलं होतं. ठरवायला काय जातं!

तिच्या वडिलांचा एक डोळा जवळजवळ गेला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. ऑपरेशनची तारीख त्यांनी स्वतःच वेबसाइटवर घेतली, मोठ्या ऐटीत. त्या दिवशी पिशवी भरून दवाखान्यात गेले, तर यादीत नावच नाही. पुढची तारीख तीन महिन्यांनी.

ती धावत पोचली. खिडकीवरची बाई वैतागली होती. "तीन तास बसलेत. म्हणतात, वेबसाइट माझ्या मुलीची आहे, चूक तुमच्याच यादीत असणार."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकावर बसूनच तिनं लॉग उघडला. वाचायला सोपा जावा म्हणून बाबांनी फोन नंबर मधे जागा सोडून लिहिला होता. एवढ्यावरून सर्व्हरनं नोंद नाकारली होती. अशी आणखी साठ माणसं होती.

"बाबा, नोंद झालीच नव्हती. मी मात्र झाली म्हणून सांगत बसले."

"नाही झाली म्हणाली असतीस, तर मी पुन्हा भरलं असतं की."

आयत्या वेळी रद्द झालेली एक जागा दवाखान्यानं देऊ केली. बाबांनी विचारलं, "त्या साठांत माझ्याआधीचे किती?"

"बावीस."

"मग आधी त्यांना फोन कर."

तिनं साठही फोन केले, शिव्याही खाल्ल्या. फोन नंबरात मधे जागा सोडली तरी आता चालायचं. आणि काही बिघडलंच तर लाल अक्षरांत पान यायचं: 'तुमची नोंद झालेली नाही. चूक आमची आहे. या नंबरवर फोन करा.' नंबर तिचा होता. ऑफिसला जाण्याआधी ती लॉग वाचायची, मग बाबांना पेपर वाचून दाखवायची.

तीन महिन्यांनी ऑपरेशन झालं तेव्हा एकच डोळा वाचला; दुसरा तोवर पुरता गेला होता. पट्टी सुटल्यावर बाबांनी वेबसाइटवरचं ते लाल अक्षरांचं पान बघायला मागितलं. सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"अक्षर जरा मोठं कर," ते म्हणाले.