बापूभाऊंची न्हाणी

पाणी तापलं होतं, तेल लावून झालं होतं, आणि आमचा सात महिन्यांचा नातू अंशू चटईवर पालथा पडून माझ्याकडं संशयानं बघत होता. तेवढ्यात कुरखेड्याहून दिनेशचा फोन आला. "काका, बाबा गेले... सकाळी चहा पेता पेताच." दिनेशचे बाबा म्हणजे माझे मामेभाऊ, बापूभाऊ. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. अशा वेळी गेलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढं यावा. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता अंशूला आंघोळ घालायला मला कोण शिकवणार? लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे, तर खरं लिहितो.

त्याचं असं झालं होतं, की मुलगी पल्लवी सकाळी सातलाच नोकरीवर जाते, जावई नोकरीसाठी दूर मुलचेऱ्याला, आणि बायकोचं मनगट मोडून हात प्लास्टरमध्ये. उरलो मी. वर्गात साठ पोरं गप्प बसवणारा मास्तर. पण हे एक पोर नडग्यांवर घेतलं की माझेच पाय ताठ व्हायचे. निवडणुकीच्या ड्युटीत मतदान यंत्र धरलं नसेल इतक्या घट्ट मी त्याला धरायचो. अंगावर पहिला तांब्या पडला की अंशू असा रडायचा, की रडता रडता श्वासच धरायचा. ओठ निळसर... ते दोन-चार क्षण माझं वय दोन-चार वर्षांनी वाढवायचे. डॉक्टरांनी नीट तपासलं. म्हणाले, घाबरू नका, वाढेल तसं जाईल. ते शांतच होते. त्यांना त्याला आंघोळ घालायची नव्हती.

म्हणून बापूभाऊंना बोलावलं. फार वर्षांपूर्वी त्यांची बायको बाळंतपणातच तापानं आडवी पडली, घरात दुसरी बाई नाही, तेव्हा धान लावणाऱ्या या माणसानं पाय पसरले आणि पोराला नडग्यांवर घेतलं. गल्लीतल्या बाया कुंपणावरून बघून हसायच्या, 'बापूबाई' म्हणायच्या. पुढं त्याच बाया आपली रडकी पोरं घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. भाऊ शांतपणे विचारायचे, "कोण पायजे? बापूभाऊ का बापूबाई?"

आमच्या गावी, सावलीला, ते तीन दिवस राहिले. मी बोटानं पाणी बघितलं तर ओरडले, "हात काढ लेका! गरम चहाचा कप धरून धरून बोटं मेली तुही. कोपर बुडव." नाकात तेलाचा थेंब सोडू पाहणाऱ्या माझ्या बायकोला म्हणाले, "नाकाकानात काही टाकाचं नाई बाई, अंगाले लाव." मग पाट भिंतीशी सरकवून बसले. तांब्याला हातच लावला नाही. आधी अंशूचे पाय पाण्यात, मग पोटावर ओलं फडकं, आणि तोंडानं चालूच, "आता पाय बरं का... आता पोट... डोकं आखरीले." पोरगं टुकूटुकू बघत राहिलं. तिसऱ्या दिवशी मी बसलो, आणि पुन्हा तोच आकांत.

"भाऊ, सगळं तुमच्यासारखंच तं केलं. मंग काऊन रडते?"

त्यांनी कोपर बुडवून पाणी पुन्हा बघितलं. "काहीतरी अलग करून राह्यला तू, मास्तर. काय, थे मलेई समजून नाई राह्यलं. धान घरी येऊ दे, मंग येतो पुन्हा."

धान घरी आलं...

तेरवीला आम्ही अंशूला घेऊन गेलो. बसमध्ये तो ओकला, दुधानं माखला, आणि पोचल्या पोचल्या त्याला आंघोळ घालणं भागच पडलं. दिनेशच्या बायकोनं न्हाणीत पाणी ठेवलं. तेरवीसाठी घराला चुना मारला होता, तेवढी न्हाणी सोडून. तिथं जमिनीपासून वीतभर वर भिंतीवर एक काळपट, तेलकट पट्टा होता, पाठीएवढा रुंद. "बाबा टेकून बसत ना," ती म्हणाली. "मीच म्हटलं, इथी चुना नोका मारू."

मी बसलो, अंशूला नडग्यांवर घेतलं, आणि घरच्यासारखाच पुढं वाकलो. त्याचा ओठ थरथरायला लागला. आता रडणार, आता श्वास धरणार... भीतीनं माझीच पाठ मागं गेली आणि त्या पट्ट्यावर टेकली. टेकल्याबरोबर खांदे खाली आले, मांड्या सैल झाल्या, आणि इतके दिवस दगडासारख्या असलेल्या माझ्या पायांत अंशू अलगद रुतला. मी भाऊंसारखंच म्हटलं, "आता पाय बरं का..." तो कुरकुरला. श्वास मात्र चालू होता. आमच्या घरीही भाऊ पाट भिंतीशी सरकवायचे. मला वाटायचं, वय झालं म्हणून. सगळं त्या टेकण्यात होतं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावं.

आता घरी मीही पाट भिंतीशी नेतो. आमच्या भिंतीला टाइल्स आहेत, थंडगार. पाठ टेकली की मी रोज "आई गं" म्हणून किंचाळतो, आणि अंशू खदाखदा हसतो. पहिला तांब्या घेताना मी अजूनही घाबरतो. फक्त आता टेकून घाबरतो.